शोकप्रस्तावाच्या विरोधात

कार्यालयातला लाडका सहकारी मरण पावला, तर मागे राहिलेल्यांनी त्याचा मान कसा राखावा? या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर गेल्या पन्नास वर्षांत कुणी दिले असेल, तर ते अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या कार्यालयीन विनोदी मालिकांनी दिले आहे, असे आमचे मत आहे. शोकसभांना ते जमलेले नाही, स्मृतिग्रंथांनाही नाही. हे विधान अनेकांना उथळ वाटेल. अर्ध्या तासाचा, मध्ये जाहिराती पेरलेला, बहुतेकदा प्रेक्षकांचा हशा ऐकू येणारा हा प्रकार. त्याने मृत्यूला हात घालावा हेच मुळात औचित्याला सोडून आहे, असे म्हणणारे वाचक आम्हांला ठाऊक आहेत. औचित्याचा मुद्दा आम्हीही महत्त्वाचा मानतो. आमचा आरोप एवढाच, की औचित्याचा खरा भंग शोकसभेत होतो, आणि तो सर्वांच्या संमतीने होतो.

शोकप्रस्तावाची भाषा आठवून पाहा. दिवंगत व्यक्ती हसतमुख असते, मनमिळाऊ असते, कर्तव्यदक्ष असते आणि अजातशत्रू तर असतेच असते. तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होते. (ही पोकळी भरण्याचा प्रस्ताव पुढच्याच आठवड्यात आस्थापना शाखेकडे गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी.) मग ईश्वर मृतात्म्यास शांती देतो, कुटुंबीयांना दुःख सहन करण्याचे बळ देतो, दोन मिनिटे सर्व जण उभे राहतात आणि चहा येतो. या मजकुरात नावाची जागा कोरी ठेवली तर तो लेखापालाला चालतो, शिपायाला चालतो, विभागप्रमुखाला चालतो आणि ग्रंथपालालाही चालतो. तीस वर्षे एका टेबलाशी बसलेल्या माणसाबद्दल त्याचे सहकारी जे बोलतात, ते त्याला कधीही न भेटलेला माणूसही बोलू शकतो. आम्ही याला अनादर म्हणतो. ज्याचे वेगळेपण आपण रोज आठ तास पाहिले, त्याला शेवटी बाकी सगळ्या मृतांसारखा करून टाकणे, याहून मोठा अनादर कोणता?

विनोदी मालिकेला हे जमत नाही, आणि हेच तिचे बळ आहे. अशा मालिकेतले पात्र सवयींचे बनलेले असते. कोण उशिरा येतो, कोण दुसऱ्याचा डबा खातो, कुणाला स्वतःच्या आवाजाचे भारी कौतुक, कोण सांगितलेले लगेच विसरतो, अशा बारीकसारीक खुणांनीच प्रेक्षक त्याला ओळखतो. असे पात्र मेले की त्याच्यावर ‘हसतमुख आणि मनमिळाऊ’ ही झूल चढवता येत नाही. चढवली तर प्रेक्षक म्हणेल, हा आमचा माणूसच नव्हे. त्यामुळे मालिकेला, इच्छा असो वा नसो, त्या माणसाला त्याच्या खोडींसकट आठवावे लागते. सन्मान म्हणजे नेमकी आठवण, ही आमची व्याख्या आहे, आणि तिच्याच कसोटीवर आम्ही चार उदाहरणे तपासणार आहोत.

पहिले उदाहरण ‘द मेरी टायलर मूर शो’चे. १९७० ते १९७७ या काळात चाललेली ही मालिका मिनिआपोलिस शहरातल्या एका काल्पनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या वृत्तविभागात घडते. तिचा ‘चकल्स बाइट्स द डस्ट’ हा भाग २५ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसारित झाला. लेखक डेव्हिड लॉइड, दिग्दर्शिका जोन डार्लिंग. चकल्स हा त्याच केंद्रावर मुलांचा कार्यक्रम करणारा विदूषक. सर्कशीच्या मिरवणुकीचा मानकरी म्हणून तो भुईमुगाच्या शेंगेचा वेष करून जातो, आणि एक बिथरलेला हत्ती त्याला खरोखरची शेंग समजून सोलायला जातो. त्यात चकल्सचा अंत होतो. मिरवणुकीचा हा मान खरे तर वृत्तनिवेदक टेड बॅक्स्टरला मिळायचा होता, पण त्याचा वरिष्ठ लू ग्रँट याने त्याला जाऊ दिले नव्हते. बातमी येते आणि वृत्तविभागात विनोदांना सुरुवात होते. कुणालाच आवरत नाही. एकटी मेरी संतापते. एक माणूस मेला आहे आणि तुम्ही हसता कसे, हा तिचा प्रश्न. हा प्रश्न आमच्या विरोधकांचाही आहे, म्हणून मेरी ही त्यांची प्रतिनिधी समजायला हरकत नाही.

या भागातली शोकसभा टेड करतो. बातम्या चालू असताना त्याला ऐन वेळी चकल्सबद्दल चार शब्द बोलावे लागतात. तो लगेच मृताला आपला निकटचा स्नेही ठरवतो आणि मग त्या निकटच्या स्नेह्याबद्दल सांगण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नसते. शब्दांची जुळवाजुळव करताना त्याची जी तारांबळ उडते, ती पाहताना हसू येते खरे, पण प्रेक्षक टेडला हसत असतो, चकल्सला नव्हे. आपल्याकडे श्रद्धांजलीच्या भाषणाची सुरुवात ‘माझे आणि त्यांचे घनिष्ठ संबंध होते’ अशी होते आणि पुढची दहा मिनिटे वक्ता स्वतःबद्दलच बोलतो, हे आठवा. टेड त्याच जातकुळीचा. चौकाचौकांतल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकांवर शोकाकुलांची छायाचित्रे मृताच्या छायाचित्राला चिकटून, कधी त्याच्याहून मोठी, छापलेली असतात, तीही याच जातीची.

मग प्रत्यक्ष अंत्यविधीचा प्रसंग येतो. विनोद करणारे सगळे आता गप्प, गंभीर. धर्मोपदेशक चकल्सने रंगवलेल्या पात्रांची नावे घेऊ लागतो, त्याचे कार्यक्रमातले गमतीचे प्रसंग सांगू लागतो, आणि हसू फुटते ते नेमके मेरीला. ती दाबते, खोकल्याचे सोंग आणते, पुन्हा फुटते. शेवटी धर्मोपदेशक तिला उभी करतो आणि मनमोकळे हसायला सांगतो. लोकांना हसवणे हेच या माणसाचे आयुष्य होते, तेव्हा त्याच्यासाठी हसा. आणि परवानगी मिळताच मेरी ढसाढसा रडू लागते. ‘टीव्ही गाइड’ने १९९७ मध्ये दूरचित्रवाणीच्या इतिहासातल्या शंभर उत्तम भागांची यादी केली, तेव्हा या भागाला पहिले स्थान दिले, लॉइडला त्याच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला होता. पण पुरस्कारांवर आमचा युक्तिवाद उभा नाही. मेरी हसते ती कशाला, याकडे आम्ही लक्ष वेधतो. कार्यालयातले विनोद चकल्सच्या मरणावर होते. मेरीचे हसू चकल्सच्या कामावर आहे. विदूषकाच्या कामाला हसू येणे ही त्याच्या कामाची पावती असते. संपूर्ण सभागृहात त्या क्षणी चकल्सचा कार्यक्रम खऱ्या अर्थाने पाहणारी तेवढी एकच व्यक्ती होती, आणि म्हणूनच रडूही तिलाच आले. गंभीर चेहऱ्याने बसलेल्यांपर्यंत तो मेलेला माणूस पोहोचलाच नव्हता.

दुसरे उदाहरण ‘चिअर्स’चे. बोस्टनमधल्या एका मद्यालयात घडणाऱ्या या मालिकेत कोच नावाचा विसराळू, भोळा, म्हातारा साकी होता. ती भूमिका करणारे निकोलस कोलासांतो १२ फेब्रुवारी १९८५ रोजी वारले. मालिकेपुढे दोन सोपे मार्ग होते. एक, कोच दूर गावी राहायला गेला असे सांगून मोकळे होणे. दुसरा, अश्रुपात करणारा एक खास भाग काढणे. मालिकेने दोन्ही टाळले. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच भागात, सप्टेंबर १९८५ मध्ये, वुडी नावाचा एक खेडवळ तरुण कोचला भेटायला येतो आणि कोच वारल्याचे त्याला समजते. दोघांची ओळख कशी? ते एकमेकांचे ‘पेन-पाल’ होते. म्हणजे पत्रमित्र नव्हेत. ते एकमेकांना खरोखरच पेने पाठवत असत. हा विनोद कोचचा आहे. मेलेल्या कोचच्या डोक्यातून निघालेला, त्याच्याखेरीज कुणालाही सुचू न शकणारा. नव्या माणसाला जुन्याच्या जागी बसवण्यापूर्वी मालिकेने जुन्याचे नाणे पुन्हा एकदा वाजवून दाखवले.

याच मालिकेतली दुसरी गोष्ट अधिक अबोल आहे. कोलासांतो यांच्या रंगभूषेच्या खोलीत जेरोनिमो या अपाची नेत्याचे एक चित्र होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते चित्र मद्यालयाच्या भिंतीवर लावण्यात आले. त्याखाली नाव नाही, तारीख नाही, हार नाही. ते तिथे आठ वर्षे राहिले. २० मे १९९३ रोजी प्रसारित झालेल्या शेवटच्या भागात मालक सॅम मद्यालय बंद करून निघताना त्या चित्रापाशी जातो आणि ते जरासे सरळ करतो. संवाद नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांना कळले, ज्यांना नव्हते त्यांनी मालक आपली भिंत आवरतो आहे असे समजावे. आमच्या कार्यालयांत दिवंगतांच्या तसबिरींना चंदनाचे हार घातलेले असतात आणि त्यांवर धूळ साचलेली असते. ती तसबीर सरळ करण्याचे काम कुणाच्याही कार्यसूचीत नसते. सॅमच्या त्या एका हालचालीत जे आहे ते आमच्या ठरावांत का नसते, याचे उत्तर ठराव लिहिणाऱ्यांनी द्यावे.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण तिथे खरा मृत्यू भीषण होता. ‘न्यूजरेडिओ’ या न्यूयॉर्कच्या नभोवाणी केंद्रावरच्या मालिकेत बिल मॅक्नील हा निवेदक होता. अहंमन्य, आपमतलबी, इतरांना छळण्यात रमणारा आणि तरीही त्या कार्यालयाचा प्राण असलेला. ही भूमिका करणारे फिल हार्टमन यांची २८ मे १९९८ रोजी हत्या झाली. पाचव्या हंगामाचा पहिला भाग, ‘बिल मूव्ह्ज ऑन’, २३ सप्टेंबर १९९८ रोजी आला. कथेत बिल हृदयविकाराने गेला आहे आणि स्मृतिसभा आटोपून सहकारी कामावर परतले आहेत. पात्रांच्या आणि नटांच्या शोकातली सीमारेषा इथे पुसट होते. चेहऱ्यांवर दिसते ते सगळेच अभिनयाचे नाही. अशा वेळी लेखकांना बिलला सज्जन करून टाकण्याचा मोह झाला असता तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते केले नाही. जो छळत होता तो छळणाराच राहिला, आणि त्या छळाची उणीव भासते हेच सहकाऱ्यांचे दुःख ठरले. ‘अजातशत्रू’ हा शब्द इथे कुणी वापरला असता, तर सगळ्यांना हसू फुटले असते. प्रेम निर्दोष माणसांवर केले जाते असे शोकप्रस्ताव गृहीत धरतो. कार्यालयात काही वर्षे काढलेला कुणीही सांगेल, की ज्यांची आठवण सर्वांत जास्त येते ती माणसे बहुधा त्रासदायकच असतात.

चौथे उदाहरण आम्ही मुद्दाम उलट्या बाजूचे घेतो. ‘द ऑफिस’च्या अमेरिकन अवतारात, १२ ऑक्टोबर २००६ रोजी प्रसारित झालेल्या ‘ग्रीफ काउन्सेलिंग’ या भागात, स्क्रँटन शहरातल्या कागदविक्रीच्या कार्यालयाचा पूर्वीचा व्यवस्थापक एड ट्रक मरण पावतो. आताचा व्यवस्थापक मायकेल बातमी सांगतो. लोक थोडे हळहळतात आणि कामाला लागतात. मायकेलला हे सहन होत नाही. तो एडच्या पुतळ्याची कल्पना काढतो. सहकारी ड्वाइट यंत्रमानवाच्या रूपातला, पण दोन-तृतीयांश आकाराचा पुतळा सुचवतो, कारण तो उलटला तर आवरायला सोपा पडेल. मग मायकेल सर्वांना गोल बसवून आपापले दुःख सांगायला लावतो. सक्ती झाल्यावर लोक दुःख उत्पन्न करतात. एकेक जण आपल्या नातलगाच्या मृत्यूची कथा सांगू लागतो आणि ती कथा कुठल्या तरी गाजलेल्या चित्रपटाची निघते. सक्तीच्या शोकाचे इतके अचूक चित्र आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. परिपत्रक काढून बोलावलेल्या शोकसभेत आपणही हेच करतो, फक्त आपली उसनी कथा चित्रपटांऐवजी मागच्या शोकसभेतून येते.

पण तो भाग तिथे थांबत नाही, आणि म्हणूनच तो नुसता टिंगलखोर ठरत नाही. कार्यालयाच्या दाराशी एक पक्षी मरून पडलेला सापडतो. मायकेल त्याचा अंत्यविधी करायचे ठरवतो. सगळ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण स्वागतकक्षातली पॅम त्या पक्ष्यासाठी शवपेटी तयार करते आणि पक्ष्याला उद्देशून असे बोलते, की तो एकटा नव्हता, त्याची पर्वा करणारे कुणी तरी होते, हे मायकेलला ऐकता यावे. तिने ओळखलेले असते, की मायकेलला रडू येते आहे ते एडसाठी नव्हे. एडच्या खुर्चीत आज तो बसला आहे, उद्या तो मेला तर हीच माणसे थोडे हळहळून कामाला लागतील, या भीतीने तो सैरभैर झाला आहे. शोकसभेच्या मुळाशी असलेली ही भीती एका विनोदी मालिकेने नाव घेऊन दाखवली. आपल्या गंभीर वाङ्मयात कार्यालय पुष्कळ आले आहे, पण सहकाऱ्याच्या मरणाने सहकाऱ्याला होणारे नेमके दुःख किती ठिकाणी आले आहे? तो नातेवाईक नसतो, मित्रही नसतो. त्याच्या जाण्याचे सुतक आपल्याला नसते. या नात्याला आपल्या शोकव्यवस्थेत जागाच नाही, म्हणून आपण तिथे उसने शब्द भरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप संस्कृतीचा: मरणावर हसणे ही परकी रीत आहे, आपल्याला ती शोभत नाही. गंमत अशी, की शोकसभेतली ज्या गोष्टीला आपण सर्वांत पवित्र मानतो ती दोन मिनिटांची स्तब्धताच परकी आहे. महायुद्धातल्या मृतांसाठी ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात पंचम जॉर्जच्या आवाहनावरून ती पहिल्यांदा पाळली गेली. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. चांगली रीत कुठूनही घ्यावी. मात्र तिला आपली म्हणायचे आणि हसण्याला परके म्हणायचे, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. मराठी रंगभूमीवर सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ साली आले. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळले जावे असा हट्ट धरतात. ते नाटक चाळीचे आणि कुटुंबाचे आहे, कार्यालयाचे नव्हे. पण मृत्यू आणि हसू यांना एका पंक्तीला बसवण्याची ताकद या भाषेत आहे याला त्याहून मोठा पुरावा नको. आणि ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांनीच ‘समाधीवरील अश्रू’मधले मृत्युलेख लिहिले. विडंबन आणि मृत्युलेख या दोन्हींसाठी माणूस निरखून पाहावा लागतो, याचा तो योगायोग खासच नसावा.

मुंबईनेही या विषयाला एक उदाहरण दिलेले आहे. कुंदन शहांच्या १९८३ सालच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये महापालिकेचे आयुक्त डिमेलो यांचा खून होतो आणि ज्या मंडळींच्या लाचलुचपतीत तो झाला, त्यांच्याच पुलाला डिमेलो यांचे नाव दिले जाते. हा पूलही पुढे कोसळतो. डिमेलो काही कुणाचे लाडके नव्हते. पण सन्मानाचे जाहीर रूप आणि मृताविषयीची खरी भावना यांचा परस्परांशी काही संबंध असावा लागत नाही, हे त्या चित्रपटाने चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवले. नाव दिलेला पूल, नाव दिलेला चौक, नाव दिलेले सभागृह ही जिवंतांची सोय असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालिका हा धंदा आहे. लाडक्या पात्राचा मृत्यू म्हणजे प्रेक्षकसंख्या वाढवण्याची हमखास युक्ती. तेव्हा तिथल्या अश्रूंना सन्मान कसे म्हणायचे? हे खरे आहे, आणि वाईट उदाहरणांची उणीव नाही. विनोदी मालिका एखाद्या भागापुरती विनोद सोडून देते, संथ संगीत वाजू लागते, जुन्या प्रसंगांची चित्रफीत फिरते आणि प्रत्येक पात्र कॅमेऱ्याकडे पाहून गहिवरते, तेव्हा ती मालिका बिघडते. पण ती बिघडते कशी, हे पाहा: शोकसभा होऊन बिघडते. आपले स्वतःचे साधन टाकून ती आमच्या विरोधकांचे साधन उचलते. धंदा दोन्हीकडे आहेच. चकल्सचा भागही जाहिरातींच्या मधोमध दाखवला गेला होता. फरक पडला तो लेखकाने मृताकडे किती बारकाईने पाहिले यावरून.

तिसरा आक्षेप असा, की पडद्यावरच्या मालिकेचे नियम प्रत्यक्ष कार्यालयाला लावता येत नाहीत. मृताची पत्नी समोर बसलेली असताना कोण विनोद करणार? विनोद करा असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही तपशील द्या असे म्हणतो. तिच्यापुढे ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द टाकण्यापेक्षा तिचा नवरा दर मार्चअखेरीस कसा चिडत असे, ताळा जुळला की सर्वांना स्वतःच्या पैशाने कसा चहा पाजत असे, नव्या मुलीला काम शिकवताना त्याने काय सांगितले, हे सांगा. तिने घरी पाहिलेला माणूस आणि तुम्ही कार्यालयात पाहिलेला माणूस हे दोन वेगळे होते. तिच्यापाशी नसलेला अर्धा माणूस तुमच्यापाशी आहे. तो तिला देणे हे तुमचे कर्तव्य आहे. ते देताना कुणाला हसू आले तर येऊ द्या. मेरीला आले तसे.

या सगळ्याला एक व्यवहाराची बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. सहकाऱ्याचा सन्मान करण्याची पहिली जागा सभागृह नसून त्याचे टेबल आहे. तिथे त्याच्या अर्धवट राहिलेल्या फायली आहेत, त्याने आपल्या अक्षरात लिहिलेल्या टिपा आहेत, त्याचे सेवापुस्तक आहे, नामनिर्देशनाचा कागद आहे. ग्रॅच्युइटीसाठीची पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागू करू नये, एवढी समज १९७२ सालचा कायदा करणाऱ्यांनाही होती. त्यांनी शोकप्रस्ताव लिहिला नाही, एक अट काढली. उलट ज्या विभागाने सोमवारी दोन मिनिटे उभे राहून ईश्वराकडे कुटुंबीयांसाठी बळ मागितले, तोच विभाग मंगळवारपासून त्या कुटुंबाला एका दाखल्यासाठी चौथ्या खिडकीवर पाठवतो, हे दृश्य कुणाला अपरिचित आहे? हे दृश्य कुणी विनोदी मालिकेत लिहिले, तर औचित्यवाले म्हणतील, फार बोचरे झाले.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. शोकप्रस्तावाचा तयार मसुदा फाडून टाका. पुढच्या वेळी कुणी गेले, तर प्रत्येकाने त्या माणसाबद्दल एक अशी गोष्ट सांगावी जी दुसऱ्या कुणाबद्दलही खरी ठरणार नाही. ज्याला अशी गोष्ट सुचणार नाही त्याने गप्प बसावे, त्याची दोन मिनिटे तरी सार्थकी लागतील. गोष्ट चिडक्या स्वभावाची असली तरी चालेल, विसराळूपणाची असली तरी चालेल, पेनांच्या देवाणघेवाणीची असली तर उत्तमच. सभा संपली की कुणी तरी एकाने त्या टेबलाशी जाऊन कुटुंबाच्या कागदांचा गठ्ठा वर काढावा. आणि विनोदी मालिकांना मृत्यू पेलत नाही असे पुन्हा लिहिण्याआधी आमच्या समीक्षक मित्रांनी चकल्सचा भाग एकदा पाहावा.